लागतं तेवढंच

३० ऑगस्ट, शनिवार

यशोधनच्या वर्कशॉपच्या कपाटात सहा-सात वर्षांपूर्वीची एक कोरी डायरी निघाली. प्रत्येक पानावर चुकीचा वार छापलेला. रद्दीत चालली होती. मी म्हटलं, वार काय, खोडता येतो. आजपासून ही माझी.

लिहायला कारण आहे. मी संकल्प केलाय. पुढच्या गणपतीपर्यंत घरासाठी नवीन काही विकत आणायचं नाही. किराणा, औषधं आणि शमिकाची पुस्तकं तेवढी सोडून. सगळे सण घरात आहे त्यातूनच करायचे, जुन्या पद्धतीनं, हातानं. सासूबाईंच्या साड्यांचे पडदे झालेच आहेत. त्यांचे पितळी डबे माळ्यावरून काढून घासले आणि शमिकाच्या खोलीतल्या फळीवर मांडले. खोली कशी भरल्यासारखी दिसते. मखर पुठ्ठ्याचं केलं. "लागतं तेवढंच" हे माझ्या आईचं वाक्य. तिला ते परिस्थितीनं म्हणावं लागे, मी आवडीनं म्हणते.

घरात आम्ही चौघं. बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. नाना, म्हणजे माझे सासरे, ट्रेझरीतून रिटायर होऊन वीस वर्षं झाली. नवऱ्याचं, यशोधनचं, पोलोग्राउंडला डाय, म्हणजे धातूचे साचे, बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. मी सकाळच्या शाळेत हिंदी शिकवते. लेक शमिका बारावीत, कोचिंगच्या मागे. उद्या महालक्ष्म्या येणार. त्यांच्या साड्यांना फॉल लावायचा राहिलाय. बाकी उद्या.

१ सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्या जेवल्या. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, सगळं घरी. पुरण शमिकानं वाटलं, सासूबाईंच्या हातानं फिरवायच्या पुरणयंत्रातून, दंड भरून येईपर्यंत. चव बघ म्हटलं तर म्हणाली, "आई, नैवेद्य व्हायचाय ना अजून." माझी मलाच शरम वाटली.

पंगतीत दोन्ही वेळा तीच वाढायला उभी. कोणाला किती पोळ्या झाल्या ते तिला तोंडपाठ. मी जेवायला बसले तेव्हा म्हणाली, "मी नानांबरोबर खाल्लं." नाना नंतर विचारत होते की पोरगी जेवली का. त्यांना आता विसरायला होतं.

अशी पोर नशिबानं मिळते. बाकीच्यांच्या मुली बघते मी, फोनमधून डोकं वर येत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

सासूबाईंच्या इरकलीचा शमिकासाठी परकर-पोलका केला होता, तो तिला ढगळ झाला. गेल्या महिन्यात घातलेली शिवण उसवून दोन्ही बाजूंनी एक-एक इंच आत घेतला. माझंच माप चुकलं असणार. चष्म्याचा नंबर वाढलाय, दाखवायला हवा.

सासूबाईंची लग्नातली चोळी तिला अगदी बरोबर बसते. सासूबाई लग्नात पंधरा वर्षांच्या होत्या. फोटो काढून ग्रुपवर टाकला. चाळीस जणींनी हार्ट दिले.

३० सप्टेंबर, मंगळवार

अष्टमी. शमिकानं या वर्षी नवरात्राचे सगळे नऊ दिवस धरलेत. सासूबाईसुद्धा उठता-बसताच, म्हणजे पहिला आणि शेवटचा उपास, धरायच्या. मी म्हटलं, परीक्षेचं वर्ष आहे, एवढं नको. तर म्हणते, "आई, सच्ची, मला खूप हलकं वाटतं. अभ्यास पण होतो." पहाटे उठून जिन्यात वर-खाली करत पाठांतर करते. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, तुमची मुलगी किती मेहनती, अंधारापासून पावलं ऐकू येतात.

साबुदाणा सगळ्यांसाठी तिनंच केला, तोही काय मोकळा. स्वतः एक केळं घेऊन खोलीत गेली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वसुबारस. फराळ झाला. हातोद गावाहून आलेला गहू घरच्या जात्यावर नाही दळला, एवढं जुनं मलाही जमत नाही, पण बाकी सगळं हातानं. चकली लाकडी सोऱ्यानं, शंकरपाळे कातण्यानं. सगळं प्रमाण शमिकानं वहीत लिहिलंय, एका करंजीत सारण किती तेही. अनारसे तिला इतके जाळीदार जमले की नाना म्हणाले, "मनोरमा असती तर तिनं दृष्ट काढली असती." मनोरमा म्हणजे सासूबाई.

दुपारी सुमनताई आल्या. आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. शमिकाकडे बघून म्हणाल्या, "क्या बात है! एकदम हिरॉइन! निशी, मेरे को भी बता ना, हिला काय खायला घालतेस." शमिका हसली. दिवसभरात पहिल्यांदाच हसली असेल. आजकाल थकते फार.

सुमनताईंनी मला जानेवारीत मंडळात बोलायला बोलावलंय. विषय, जुन्यातून नवं घर. शमिकाला कपड्यांचं मॉडेल करून घेऊन ये म्हणाल्या. मला फार आनंद झालाय. शाळेत वीस वर्षं शिकवलं, पण कोणी स्टेजवर बोलावलं नाही.

शमिका सासूबाईंनी विणलेला स्वेटर आत्तापासून घालते. मला तर पंखा लागतो. पण तिला जुन्या वस्तूंची ओढ आहे, हे माझ्याकडून गेलंय तिच्यात.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज नानांशी वाजलं. भाऊबीज काल झाली, पाहुणे गेले, आणि नाना मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "निशिगंधा, छोरी जेवत नाही."

"नाना, अभ्यासाचं टेन्शन आहे. या वयात असंच असतं."

"माझे डोळे गेले असतील, पण समोरचं ताट दिसतं मला. अर्धी पोळी कुस्करत बसते. मी आंघोळीला गेलो की ताट साफ. कुठे जातं?"

"खाते ती. तुमच्यासमोर लाजत असेल."

"माझ्यासमोर? मांडीवर वाढवली मी तिला!"

मी भांडी जरा जोरात ठेवली. राग येण्यासारखंच आहे. मी सकाळी शाळा करते, दुपारी घर, अख्खी दिवाळी माझ्या हातांनी केली, आणि माझ्या मुलीला मी उपाशी ठेवते असं म्हणायचं का यांना? नंतर वाईट वाटलं. नाना संध्याकाळी देवळात गेले ते नेहमीपेक्षा उशिरा आले.

यशोधनला सांगितलं. तो म्हणाला, "बारीक झालीय खरी. बोर्ड झाली की ठीक होईल."

७ डिसेंबर, रविवार

न्हाणीच्या जाळीत केस अडकून पाणी तुंबलं होतं. शमिकाचे. मूठभर निघाले. बाजारच्या शॅम्पूनं असंच होणार. रिठे-शिकेकाई उकळून ठेवलं.

अजून एक, इथेच लिहिते. मी जुन्या मऊ साड्यांच्या कापडी घड्या शिवून दिल्यात तिला, दर महिन्याच्या त्या दिवसांसाठी. तीन महिने त्या वाळत घातलेल्या दिसल्या नाहीत. कपाटात तशाच रचलेल्या. विचारलं तर म्हणाली, "टेन्शनमुळे होतं असं, आई. गूगल कर." मलाही बारावीत एकदा झालं होतं बहुतेक. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर "प्रीबोर्डनंतर" म्हणाली.

मंडळासाठी काळी चंद्रकळा काढली आहे सासूबाईंची, संक्रांतीला शोभेल. हलव्याचे दागिने शमिकाच करतेय. एकेक दाणा सुईनं ओवते. तासन् तास मान वर करत नाही.

२१ जानेवारी, बुधवार

दीड महिन्यानं डायरी उघडतेय. हॉस्पिटलच्या बाकावर बसून.

रविवारी मंडळाचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम होता. हॉल भरलेला. मी माइकवर होते. पडदे झाले, गोधड्या झाल्या, मग मी म्हटलं, आणि ही माझी मुलगी शमिका, हिच्या आजीची पंचावन्न वर्षांची चंद्रकळा. शमिका हलव्याचा मुकुट घालून मधोमध आली. किती सुंदर दिसत होती. मी चोळीबद्दल सांगायला लागले, की बघा, एक टाकाही न उसवता कशी आत घेता येते.

ती हळूच वाकली. लोकांना वाटलं नमस्कार करतेय. टाळ्या वाजल्या. मीसुद्धा हसले. मग ती तशीच पुढे गेली आणि तिचं डोकं स्टेजच्या फळीवर आपटल्याचा आवाज माइकमधून हॉलभर ऐकू आला.

अपघात विभागात नर्सनं विचारलं, "मदर कोण आहे?" मी पुढे झाले. ती शमिकाची चोळी काढत होती. आत अजून एक ब्लाउज, त्याच्या आत बनियन, त्यावर पिना. पिनाच पिना. नर्स एकेक काढून ट्रेमध्ये टाकत होती. मग शमिकाची पाठ दिसली. मी चार महिने टेपनं तिचं माप घेत होते, आणि पाठीवरून हात एकदाही फिरवला नव्हता.

नर्सनं माझ्याकडे पाहिलं. 

हृदयाचे ठोके फार मंद आहेत. पोटॅशियम खाली आहे. यशोधन औषधं आणायला खाली-वर करतोय. नाना घरी आहेत, त्यांना फोन केला तर फक्त म्हणाले, "मी येऊ का?"

२७ जानेवारी, मंगळवार

घरी आणलं. मनोविकारांच्या डॉक्टर आहेत एक, साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "ही जिद्द नाही, फॅशन नाही, नखरे नाहीत. हा आजार आहे. तिला भूक नाही असं नाही. भुकेची तिला भीती वाटते." मग म्हणाल्या, "स्वयंपाक फार करायची का? सगळ्यांना वाढायची?" मी हो म्हटलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. त्या काय लिहितायत ते वाचायची माझी हिंमत झाली नाही.

तिच्या खोलीतले पितळी डबे आज घासायला घेतले. काहीतरी हातात हवं होतं. पहिला उघडला. माझ्या शिवलेल्या रुमालांत गुंडाळलेल्या पोळ्या. कडक झालेल्या, बुरशी धरलेल्या. दुसऱ्यात करंज्या, दिवाळीच्या. तिसऱ्यात साबुदाण्याच्या खिचडीचा गोळा, दगडासारखा. एक पुरणपोळी होती, ती महालक्ष्म्यांची की दत्तजयंतीची ते कळलं नाही.

अन्न वाया घालवायचं नाही, हे मीच शिकवलंय. तिनं फेकलं नाही. ठेवून दिलं.

सगळं पिशवीत भरून मी खाली कचऱ्याच्या गाडीवर गेले. ओला कचरा, सुका कचरा वेगळा करा म्हणाला गाडीवरचा माणूस. मी रुमाल सोडवत उभी राहिले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसातून सहा वेळा. सकाळी आठ, साडेदहा, एक, चार, सात, साडेनऊ. डॉक्टरांनी तक्ता दिलाय. समोर बसायचं, वाद घालायचा नाही, जेवणाबद्दल बोलायचं नाही, नंतर एक तास बाथरूमला एकटी जाऊ द्यायची नाही. मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली. तिची बोर्ड यंदा राहू दे म्हटलं.

पराठ्याच्या चतकोराला काल पन्नास मिनिटं लागली. ती तुकड्याचे तुकडे करते, मग त्यांचे तुकडे. तोंडात धरून बसते. डोळ्यांतून पाणी गळत असतं, आवाज नाही. मी तिला गणपतीतली एक गंमत सांगत होते, माझी मलाच ऐकू येत नव्हती.

एकच्या जेवणाला यशोधन वर्कशॉपमधून येतो. त्यानं कधी दुपारी घरी जेवल्याचं मला आठवत नाही. तिच्या शेजारी बसून जेवतो. आज जाताना जिन्यात थांबला. म्हणाला, "माझ्याकडे केसाएवढा फरक पकडायचं मशीन आहे, निशी. घरात पोरगी अर्धी झाली." मी म्हटलं, चप्पल घाल, उशीर होतोय. 

११ फेब्रुवारी, बुधवार

आज मी ताट फेकलं. लिहिते, कारण कोणाला सांगता येणार नाही.

दही-भात होता. चार चमचे. एक तास दहा मिनिटं झाली आणि तिनं भात बाहीत लपवताना मी पाहिलं. मी तिचा हात धरला. मनगट माझ्या अंगठ्यात आणि बोटात मावून वर जागा उरली. ती ओरडली, "सोड, लागतंय!" आणि मी सोडलं, आणि ताट उचलून भिंतीवर मारलं. सासूबाईंचं कल्हईचं ताट. भात पडद्यावर, देवाच्या फोटोवर.

नाना आतून आले.  फडकं घेऊन खाली बसले. ऐंशीला आलेला माणूस, गुडघे वाकत नाहीत. शमिका त्यांच्याजवळ जाऊन भात वेचायला लागली. दोघं वेचत होते, मी उभी.

नंतर डॉक्टरांना फोन केला. म्हणाल्या, "होतं. पुढचं जेवण चारला आहे ना? चारला बसा."

चारला बसले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

वजन उलट कमीच. डॉक्टर म्हणाल्या, आणखी एक आठवडा बघू.

संध्याकाळी ती गच्चीवर कपडे काढायला आली माझ्याबरोबर. मी विचारलं. विचारायचं नाही असं तक्त्यात लिहिलंय, पण विचारलं. "कशासाठी गं? माझं काय चुकलं?"

ती बराच वेळ चिमटे काढत राहिली. मग म्हणाली, "तूच म्हणतेस ना, लागतं तेवढंच. तू साडीचा पडदा करतेस, पडद्याची पिशवी, पिशवीचं पायपुसणं. मला वाटायचं मी पण करून बघू. किती कमीत भागतं." मग हसली, पण ते हसू नव्हतं. "छान वाटायचं, आई. मला एकच गोष्ट जमायची नीट. आता थांबवते तर थांबत नाही."

"मी कपड्यांबद्दल म्हणत होते गं. घराबद्दल."

"मला माहितीये. तुझं काही नाही त्यात. खरंच नाही." तिनं माझी समजूत काढली. सतरा वर्षांची मुलगी, दोरीला धरून उभी, वाऱ्यानं हलत होती, ती माझी समजूत काढत होती.

तिचं म्हणणं खरं की डॉक्टरांचं? त्या म्हणतात, कारण शोधत बसू नका, एक कारण नसतंच. पण मला रोज एक सापडतं. मंडळातल्या बायका. कोचिंगमधल्या मुली. मी टाकलेले फोटो. आईचं वाक्य.

८ मार्च, रविवार

रंगपंचमी. सकाळपासून राजवाड्याकडून गेरचे, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीचे, ढोल ऐकू येतायत. आमच्या गल्लीतली सगळी पोरं तिकडेच. दरवर्षी यशोधन तिला खांद्यावर घ्यायचा, नंतर स्कूटरवर, गेल्या वर्षी ती मैत्रिणींबरोबर गेली होती आणि निळी होऊन आली होती. आठ दिवस कानामागचा रंग निघाला नव्हता.

या वर्षी होळीला मी पुरण घातलं नाही. डॉक्टर म्हणाल्या होत्या घाला, सण टाळू नका. माझ्यानं झालं नाही.

आज एकच्या जेवणाला ती बसली. समोर वरण-भात. यशोधन एका बाजूला, मी एका बाजूला, नाना दारात खुर्ची टाकून. बाहेर ढोल. तिनं चमचा उचलला, ठेवला, उचलला, ठेवला. मग म्हणाली, "बाबा, मला तिथे ठेवा."

डॉक्टरांनी वॉर्डबद्दल दोनदा सांगितलं होतं. आम्ही नाही म्हणालो होतो. मीच नाही म्हणाले होते. घरच्यासारखं कुठे होईल?

यशोधननं विचारलं, "का गं बेटा? इथे काय त्रास आहे?"

"इथे मी तुम्हाला फसवते. मला नाही फसवायचं, पण मी फसवते. आई समोर बसली की तिचा चेहरा बघून माझ्या घशात बंद होतं. मेरे से नहीं होगा घर पे." आणि मग माझ्याकडे वळून, "सॉरी आई."

नाना खुर्चीतून म्हणाले, "सॉरी कशाला? तब्येत बरी नाही तर माणूस हॉस्पिटलात जातो. मी नव्हतो गेलो मोतीबिंदूला?"

 मला फक्त ऐकू आलं, आई समोर बसली की.

१० मार्च, मंगळवार

दाखल केलं. बायपासच्या बाजूला आहे, शांत. खिडक्या मोठ्या.

मी पिशवी भरून नेली होती. गोधडी, तिची उशी, स्वेटर, मेथीचे लाडू, घरचं तूप, मऊ गाऊन. सिस्टरनं पिशवी टेबलावर रिकामी केली आणि एकेक वस्तू दोन ढिगांत लावली. राहणाऱ्या ढिगात गाऊन आणि टूथब्रश. बाकी परत. "घरचं खाणं नाही चालणार मॅडम. आणि कपडे मापाचे पाहिजेत, ढगळ नको." मी म्हटलं, मी शिवून आणते. त्या म्हणाल्या, "नको, आमचे आहेत."

पहिले आठ दिवस फोन नाही. भेट फक्त रविवारी, अर्धा तास.

डॉक्टरांना विचारलं, मग मी काय करू? त्या म्हणाल्या, "झोप घ्या. तुम्हीही वाळलात." हे काही उत्तर आहे?

येताना गाडीत लाडवांचा डबा मांडीवर. यशोधननं सिग्नलला विचारलं, "दे एक." मी दिला. तो चावत होता आणि रडत होता, आणि मागची गाडी हॉर्न देत होती.

१५ मार्च, रविवार

भेटले. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. नाकातून नळी आहे. मला कोणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या तासात तीन वाक्यं. "नाना कसे आहेत?" "बरी आहे." "जा तू आता."

सिस्टरनं सांगितलं, पाच दिवसांत तोंडानं काही घेतलेलं नाही, नळीतूनच चाललंय. थाळी रोज समोर ठेवतात, रोज तशीच परत जाते.

घरी येऊन मी तिच्या खोलीत बसले. काही शिवलं नाही, काही घासलं नाही. हात मांडीवर ठेवून बसले. माझे हात असे रिकामे कधी पाहिले नव्हते मी.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. गुढी नानांनी आणि यशोधननं उभारली. मी वरण-भात आणि बटाट्याची भाजी केली. श्रीखंड नाही.

पानं मांडली आणि फोन वाजला. वॉर्डचा नंबर. मला उचलवेना, यशोधननं उचलून माझ्या कानाला लावला.

शमिका होती. आठ दिवस झाले म्हणून दहा मिनिटं दिली होती. आणि ती जी सुटली! मी तिला सोडून गेले. मी मागे वळून पाहिलं नाही. (पाहिलं होतं, तीनदा.) बाजूच्या बेडवरची मुलगी दिवसभर गुणगुणते. सिस्टर तिला बेबी म्हणतात, ती काय बेबी आहे? नळी काल काढली तर घसा सोलून निघालाय. पाडव्याला पण तीच डाळ, पिवळं पाणी नुसतं, त्यात मीठ तरी असावं माणसानं टाकलेलं, कोणाला काही पडलेलीच नाही इथे!

मी म्हटलं, "मी बोलू का डॉक्टरांशी?"

"तू काही बोलू नकोस! प्रत्येक गोष्ट तूच करायची असते का? मी सांगीन माझं मी." आणि फोन ठेवला.

मी येऊन पानावर बसले. इतका राग माझ्यावर तिनं कधी केला नव्हता, लहानपणीसुद्धा नाही. रडू आवरेना. यशोधन म्हणाला, काय म्हणाली ते तर सांग. मी सांगितलं, सगळं, जसंच्या तसं. सोडून गेले म्हणाली, बेबी म्हणतात म्हणाली, डाळीत मीठ नाही म्हणाली, माझ्याशी बोलायचंही नाही तिला.

नाना भात कालवत होते. त्यांचा हात थांबला.

"कशात मीठ नाही म्हणाली?"

"डाळीत, नाना."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "तिला कसं कळलं?"

यशोधननं हातातला घास पानात ठेवला. आम्ही तिघं तसेच बसून राहिलो.  मोठ्यानं म्हटलं तर खोटं ठरेल असं वाटत होतं.